शाप, उत्खनन आणि साष्टीतील गद्धेगळ

इ. स. १९७२ मध्ये आर्मांदो क्रिस्पीनो या इटालियन दिग्दर्शकाचा एक रहस्यपट प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ इटालियन नावाचा अर्थ ‘एत्रुस्कन पुन्हा खून करतो’ असा होतो. एका प्राचीन एत्रुस्कन दफनभूमीचा शोध घेणारा पुरातत्त्वज्ञ जमिनीला छिद्र पाडून त्यातून कॅमेरा आत सोडतो. थडग्याच्या भिंतीवर तुखुल्खा नावाच्या पाताळवासी राक्षसाचे चित्र त्यास दिसते आणि त्यानंतर परिसरात तरुण जोडप्यांच्या हत्या सुरू होतात. थडगे उघडल्यामुळे राक्षस जागा झाला, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात बराच काळ तेवत ठेवली जाते. अखेरीस मारेकरी मात्र जिवंत माणूसच निघतो. इटलीत अशा कथांना ‘जालो’, म्हणजे ‘पिवळ्या’, म्हणतात. कारण १९२९ पासून मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या रहस्यकथांची वेष्टने पिवळी असत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकास या जातकुळीचा परिचय निराळा करून द्यावयास नको.

हा चित्रपट कलाकृती म्हणून मोठा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. तथापि त्यातील छिद्र आणि कॅमेरा ही कल्पना कपोलकल्पित नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कार्लो लेरीची या इटालियन अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकात तार्क्वीनियाच्या दफनभूमीत नेमकी हीच पद्धत वापरली होती. भूभौतिक मापनाने पोकळी हेरावयाची, वरून बारीक छिद्र पाडावयाचे आणि नळीतून कॅमेरा उतरवून थडगे न उघडताच त्याचे चित्रण करावयाचे, असा तो क्रम होता. १९५८ साली खेळांच्या चित्रांनी नटलेले एक थडगे याच रीतीने उजेडात आले. तुखुल्खाचे चित्रही तार्क्वीनियाच्याच ‘ओर्को’ नामक थडग्यात आहे. चित्रपटाने साधने खरी घेतली आणि भय मात्र उसने आणले.

ते भय आले वृत्तपत्रांतून. नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामेनचे थडगे सापडले आणि ५ एप्रिल १९२३ रोजी लॉर्ड कार्नार्वन कैरो येथे मरण पावले. तेवढ्यावरून ‘फेरोच्या शापा’ची कथा जगभर पसरली. वस्तुतः प्रत्यक्ष उत्खनन करणारे हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगले. त्या वेळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्य व्यक्तींच्या आयुर्मानाची तुलना २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. थडग्याशी संबंध आलेल्यांचे आयुष्य त्यामुळे घटल्याचे तीत आढळले नाही.

परंतु शापाची गोष्ट येथेच सोडून देणे आपणांस परवडणारे नाही. विद्यानगरीच्या कुंपणालगत वाकोला आहे आणि मिठी नदी ओलांडली की कुर्ला. या साष्टीच्या भूमीत शाप ही वृत्तपत्रीय कल्पना नसून दगडावर कोरलेली, तिथी-शक घातलेली वस्तू आहे. गद्धेगळ तो हाच. उभी शिळा, वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली स्त्री व गर्दभ यांचे शिल्प अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. ‘गळ’ हा वीरगळाप्रमाणे कानडी ‘कल्लु’पासून आलेला मानावा की ‘गाळ’ म्हणजे शिवी असा घ्यावा, याविषयी दोन मते आहेत. शिल्प पाहता दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

परळ येथे मिळालेला शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८ (इ. स. ११८७) चा लेख या दृष्टीने फार बोलका आहे. षट्षष्टी म्हणजे साष्टीतील माहवली गावच्या एका वाडीच्या उत्पन्नातून २४ द्रम्म दर्भावतीच्या वैद्यनाथाच्या पूजेसाठी लावून दिल्याची नोंद त्यात आहे. माहवली म्हणजे कुर्ल्याजवळचे माहूल असावे, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. दर्भावती म्हणजे गुजरातेतील डभोई. दान साष्टीत आणि देव डभोईस! एवढ्या दूरच्या देवाचा हक्क रोजच्या रोज कोण राखणार? वाडी कसणाराने, गावच्या अधिकाऱ्याने किंवा पुढच्या राजाने ते उत्पन्न गिळले तर वैद्यनाथाचा पुजारी दाद मागावयास येणार तरी कसा? ही उणीव शापाने भरून काढली. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून शापवचन मात्र मराठीत आहे, यातील मर्म हेच. दानाची कायदेशीर भाषा पंडितांसाठी, धमकी गावकऱ्यांसाठी. आणि ज्यास दोन्ही वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी खालचे शिल्प.

म्हणजे हा शाप जमीन खणणाऱ्यास नाही, शासन लोपणाऱ्यास आहे. शासन मोडणारा पुरुष आणि शिल्पात विटंबना त्याच्या मातेची, ही गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. तत्कालीन समाजात पुरुषाची अब्रू कोठे ठेवलेली होती, याचा इतका उघडा पुरावा वाङ्मयात क्वचित मिळेल. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ सिद्ध केले आणि वा. वि. मिराशी यांचा शिलाहार लेखांचा संग्रह १९७७ मध्ये निघाला. तेव्हापासून या लेखांचा भाषिक व राजकीय विचार पुष्कळ झाला. शिल्पातल्या त्या स्त्रीचा त्या मानाने थोडाच झाला आहे.

तेराव्या शतकात शिलाहारांची सत्ता मावळली. पुढे लिपी बदलली, दाने बुडाली, वाड्यांचे मालक पालटले. शिळा उरली, पण तिच्यावरील वाक्य कोणास वाचता येईना. तेव्हा वाक्यात असलेला शाप दगडात उतरला. काही ठिकाणी गद्धेगळास शेंदूर लागला आणि तो ग्रामदैवत झाला. काही ठिकाणी तो अशुभ ठरून पालथा पडला, फुटला किंवा विहिरीच्या बांधकामात गेला. कोणत्या गावी पहिले घडले आणि कोणत्या गावी दुसरे, हा स्थानिक इतिहासाचा विषय आहे व त्याची नोंद लेखवाचनाइतकीच काळजीपूर्वक व्हावयास हवी.

प्रत्येक उत्खननास लोक भितात असेही नव्हे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यास ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा स्तूप खणला. आत पाषाणाची पेटी, तीत आठ कांस्य बुद्धमूर्ती आणि एकात एक ठेवलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक निघाले; सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे १३ तुकडे होते. ही तर खरी अस्थिस्तूपाच्या जातीची वास्तू. तरी तिच्याभोवती शापाची कथा रचली गेली नाही. बुरूड राजाची जी आख्यायिका होती ती कौतुकाची होती.

२०१५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाच्या पुढाकाराने साष्टीची पाहणी हाती घेण्यात आली. चाळी, गावठाणे, देवळांची आवारे हिंडून अभ्यासकांनी शिल्पे, वीरगळ व गद्धेगळ नोंदविले. अशा पाहणीत विद्यार्थ्यापुढे एक अडचण उभी राहते. शेंदूर लावलेल्या दगडाजवळ राहणाऱ्या आजीबाईंना ‘यात भिण्यासारखे काही नाही, हा केवळ दानलेख आहे’ असे सांगावे काय? सत्य म्हणून सांगितलेच पाहिजे. पण जुन्या चाळी पाडून इमारती उठविणाऱ्या या उपनगरांत त्या दगडास हात लावण्याचे मुकादम आजवर टाळत आला असेल, तर तो भीतीमुळेच, कायद्यामुळे नव्हे. भीती काढून घेतली आणि तिच्या जागी नोंद, छायाचित्र, ठसा व स्थानिकांची राखण यांपैकी काहीच दिले नाही, तर दगड राडारोड्याच्या गाडीत जाईल. म्हणून ठसा आधी घ्यावा, दगडाची मूळ जागा नकाशावर मांडावी आणि मग आजीबाईंसमोर बसून लेख मोठ्याने वाचावा. शापवचनाच्या ओळीशी वाचणारा अडखळतो; ऐकणाऱ्या बायका मात्र बहुधा ती शिवी आधीच ओळखतात.