‘जणू बालगुन्हेगार’ : सोलापूरची सेटलमेंट आणि अधिसूचित जमातींची मुले

ब्रिटिश अमदानीत बालगुन्हेगाराविषयीचा न्यायव्यवहार एकच नव्हता. १८९७ च्या सुधारशाळा कायद्याची मूळ व्याख्या पाहता, ‘अल्पवयीन अपराधी’ म्हणजे ज्याच्यावर अपराध शाबीत झाला आहे असा पंधरा वर्षांच्या आतील मुलगा होय. त्याला सुधारशाळेत ठेवण्याची मुदत तीन ते सात वर्षे असे. अर्थात् आधी कृत्य, मग चौकशी, मग शिक्षा, हा क्रम तेथे गृहीत होता.

गुन्हेगार जमातींच्या कायद्याने हा क्रमच मोडला. १८७१ साली तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला व १९११ साली त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर आली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागील युक्तिवाद. जातिव्यवस्थेविषयीच्या अर्धवट ज्ञानाचे याहून क्रूर फळ शोधणे कठीण. या कायद्याच्या सतराव्या कलमाने अधिसूचित जमातीतील सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून काढून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. अशा मुलांना सुधारशाळा कायद्याची काही कलमे, ती जणू अल्पवयीन अपराधीच आहेत असे मानून, लावावीत असेही त्यात नमूद होते. मुलाच्या वयाविषयी वाद उद्भवल्यास जिल्हा मॅजिस्ट्रेटचा निर्णय अखेरचा असे. त्या एका ‘जणू’ शब्दाने आरोप, साक्षीपुरावा व निकाल या तिन्हींची जागा घेतली. ब्राह्मणाच्या अथवा मराठ्याच्या मुलास तेथे पोचण्यासाठी निदान काही करावे लागे. कैकाड्याच्या मुलास जन्म पुरेसा होता.

सोलापुरात या कायद्याला तारेच्या कुंपणाचे रूप आले. गिरण्यांच्या या गावी मजुरांची गरज मोठी होती. अमेरिकन मराठी मिशनने चालविलेल्या सेटलमेंटमध्ये कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट इत्यादी जमातींची कुटुंबे ठेवण्यात आली. प्रौढांना गिरणीत काम, दररोज हजेरी, बाहेर जाण्यास पास, आणि मुलांना शाळा. त्या शाळेने अनेकांना अक्षरओळख करून दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र इतर मुले शाळा सुटल्यावर घरी जात. ही मुले शाळा सुटली तरी कुंपणाच्या आतच राहत.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला व ३१ ऑगस्ट १९५२ पासून सर्व देशात. ‘गुन्हेगार’ जाऊन ‘विमुक्त’ हे नाव आले. तथापि १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने जमातीऐवजी व्यक्तीची नोंद सुरू केली, आणि पोलिसी संशय बहुधा जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिला. अल्पवयीनांच्या पूर्वीच्या नोंदी पुसून नवी सुरुवात व्हावी, हे तत्त्व २०१५ च्या बालन्याय कायद्याने मांडले. असे असूनही, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात आली.

कुंपण गेले, शब्द राहिले. कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्या कुटुंबांच्या वस्तीस ‘फ्री कॉलनी’ म्हणत. सोलापूरच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही लिहिले जाते.