तीन हिस्से पाणी

नाशिकला माझा एक जुना मित्र राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याला वाइनचा नाद लागला. पिण्याचा म्हणण्यापेक्षा चाखण्याचा. एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. म्हणाला, ‘शनिवारी घरी आठ जण जमतोय. पाच बाटल्या, पाचही आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या. बाटल्यांना कापडी पिशव्या घालणार, नाव कुणाला दिसणार नाही. प्रत्येकानं चाखायचं आणि कागदावर गुण द्यायचे. तू ये.’

मी म्हणालो, ‘अरे, मी पीत नाही हे तुला चाळीस वर्षं माहीत आहे.’

‘म्हणून तर बोलावतोय. बेरीज करायला शुद्धीवरचा माणूस लागतो. आणि भाभींना घेऊन ये.’

गेलो. कोकम सरबताचा पेला घेऊन कोपऱ्यात बसलो. जमलेल्या आठ जणांत दोघे असे होते की, आदल्या निवडणुकीपासून त्यांचे बोलणे बंद होते. यजमानाने त्यांना मुद्दाम शेजारी बसवले होते. पहिल्या दोन बाटल्यांपर्यंत दोघेही भिंतीकडे बघून चाखत होते. तिसऱ्या पिशवीतली वाइन एकाला आंबट लागली, दुसऱ्याला अमृत. ‘आंबट? तुझी जीभ गेलीय!’ असे दुसरा म्हणाला आणि दोन वर्षांचे मौन सुटले. पुढे तासभर ते भांडले, पण तिसऱ्या बाटलीवरून.

परतताना मला अथेन्स आठवत होते. बी. ए.ला तत्त्वज्ञान हा विषय होता आणि प्लेटोचे ‘सिंपोझियम’ तेव्हा इंग्रजीतून वाचले होते. हा शब्द आपल्याकडे विद्यापीठांच्या फलकांवर दिसतो. परिसंवाद म्हणजे सिंपोझियम, चहा-बिस्किटे, आभारप्रदर्शन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र सरळ आहे : एकत्र बसून पिणे. आणि ते गुत्त्यावर नव्हे, घरी, मित्रांबरोबर, नियमाने.

ग्रीकांच्या सुखवस्तू घरात यासाठी वेगळी खोली असे. भिंतींना लागून बहुधा सात ते अकरा बाजा मांडलेल्या, एकेका बाजेवर दोघे जण डाव्या कोपरावर रेलून बसलेले. म्हणजे माणसे पंधरा-वीस. सगळ्यांना सगळ्यांचे तोंड दिसावे आणि प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाला ऐकू जावा, एवढीच ती खोली. आधी जेवण उरकायचे. मग ताटांची मेजे उचलली जात, हात धुतले जात, डोक्यावर फुलापानांचे हार चढत. देवाच्या नावाने थोडे मद्य जमिनीवर ओतायचे, स्तोत्र म्हणायचे आणि मगच पेले भरायचे.

खोलीच्या मध्यभागी एक रुंद तोंडाचे मोठे भांडे असे, आपल्या घंगाळाची आठवण व्हावी असे. त्याचे नाव क्रेटर. त्यात द्राक्षमद्य आणि पाणी एकत्र करायचे. ग्रीक माणूस मद्य नुसते पीत नसे. नुसते पिणारे ते रानटी, अशी त्याची समजूत होती. इ. स. पूर्व सातशेच्या आसपासचा कवी हेसिअड तर तीन हिस्से पाणी आणि एक हिस्सा मद्य असे माप सांगतो. कायॉस, थॅसॉस, लेस्बॉस या बेटांच्या मद्याची तेव्हा ख्याती होती. थॅसॉसवर तर मद्याच्या विक्रीचे कायदे दगडावर कोरलेले सापडले आहेत. पण कितीही नामांकित बेटाचे मद्य असो, पाण्याची वाट त्याला चुकली नाही.

पाणी किती घालायचे, हे ठरवायला जमलेल्यांतूनच एक प्रमुख निवडला जाई. भांडी किती भरायची हेही त्याच्याच हाती. युब्युलस नावाच्या नाटककाराने मद्याच्या देवाच्याच तोंडी तीन भांड्यांची मर्यादा घातली आहे. शहाण्याने तिसरे संपले की घरी जावे. चौथ्यापासून उद्दामपणा सुरू होतो आणि पुढे तो डोळे काळेनिळे होण्यापर्यंत आणि सामानाची फेकाफेक होण्यापर्यंत जातो. अडीच हजार वर्षांत या हिशेबात फारसा फरक पडलेला नाही.

पिता पिता गाणे होई. जांभळाच्या कुळातल्या मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी हातोहात फिरे. ज्याच्या हातात ती येई, त्याने म्हणायचे. हे वाचले तेव्हा मी चमकलो. आमच्या जुन्या मुशायऱ्यांत शमा अशीच फिरे. ज्याच्या पुढ्यात मेणबत्ती, त्याची पाळी. तरही मुशायऱ्यात एक ओळ आधी ठरवून दिलेली असते आणि सगळ्यांनी त्याच वृत्तात, त्याच यमकात गझल बांधायची असते. विषय एक, माणसे अनेक. डहाळी असो, शमा असो की माझ्या मित्राच्या कापडी पिशव्या, काम एकच : बोलण्याला पाळी लावायची आणि दुसऱ्याचे ऐकायला भाग पाडायचे.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. माझी पहिली गझल एका दिवाळी अंकात छापून आली. तिच्यात प्याला होता, साकी होता. अब्बांनी ती वाचली, अंक मिटून ठेवला आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी विचारले, ‘तू पितोस का?’ मी नाही म्हणालो. ‘मग लिहिलंस का?’ मला उत्तर देता येईना. सोडवले ते मामूंनी. ते म्हणाले, ‘भाईसाहब, रियाज खैराबादींनी सारी उमर शराबवर शायरी केली आणि एक थेंब घेतला नाही असं सांगतात.’ रियाज १९३४ साली गेले. अब्बांच्या पिढीला ते नाव परके नव्हते. अब्बा हसले नाहीत, पण जेवायला हाक मारली. प्याला म्हणजे मैफल, प्याला म्हणजे मोकळेपणाने बोलायची जागा, हे मला तेव्हा सांगता आले नव्हते. प्लेटो वाचताना ते सांगायला सापडले.

प्लेटोने वर्णिलेली ती मैफल इ. स. पूर्व ४१६ मधली. ॲगॅथॉन नावाच्या तरुण नाटककाराला स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले होते, त्याच्या घरची. गंमत अशी की, आदल्या रात्री सगळ्यांनी इतकी ढोसली होती की डोकी दुखत होती. तेव्हा ठरले, आज कुणावर सक्ती नाही, ज्याला हवे तेवढे त्याने घ्यावे. एरिक्सिमॅकस नावाच्या वैद्याने सूचना केली की वाजवणाऱ्या मुलीला निरोप द्यावा आणि प्रत्येकाने ओळीने एकाच विषयावर बोलावे. विषय, प्रेम. म्हणजे पाश्चात्त्य जगातली ही सर्वांत गाजलेली पानमैफल मुळात कमी पिण्याच्या ठरावाने सुरू झाली!

पाळी आली तेव्हा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसला उचकी लागली. वैद्याने श्वास रोखायला, गुळण्या करायला, शेवटी नाकात काडी घालून शिंकायला सांगितले आणि तोवर स्वतः बोलून घेतले. सॉक्रेटिसची पाळी आली तेव्हा त्याने आपले म्हणून काही सांगितलेच नाही. डायोटिमा नावाच्या एका बाईने मला जे शिकवले ते सांगतो, म्हणाला. इथे थांबावे लागते. कारण त्या खोलीत घरातल्या स्त्रियांना प्रवेश नव्हता. पेले भरायला गुलाम होते, वाजवायला मुली होत्या. बायका आतल्या भागात. मैफलीतले सर्वांत उंच बोलणे एका बाईचे, आणि ती बाई खोलीत नाही! ग्रीकांच्या या गोडव्यात ही कडू चव आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. ‘भाभींना घेऊन ये’ या माझ्या मित्राच्या तीन शब्दांत अथेन्सपेक्षा जास्त सुधारणा आहे.

मग रात्री उशिरा दारावर धडका बसल्या आणि झिंगलेला अल्सिबायडिस आत आला. देखणा, श्रीमंत, अथेन्सचा लाडका पुढारी. त्याने पेला बाजूला सारला आणि मद्य थंड करायचे भांडेच तोंडाला लावले. मैफलीचा प्रमुख मीच, असे जाहीर केले. नियम मोडला. पहाटेपर्यंत सगळे लवंडले; जागे राहिले ते बोलत बसलेला सॉक्रेटिस आणि डुलक्या घेणारे दोन नाटककार. उजाडल्यावर सॉक्रेटिस उठला, अंघोळ केली आणि नेहमीसारखा दिवस घालवायला निघून गेला.

पुढच्याच वर्षी, ४१५ मध्ये, अथेन्सचे आरमार सिसिलीच्या मोहिमेवर निघायच्या बेतात असताना एका रात्री शहरातल्या हर्मिस देवाच्या दगडी मूर्ती कुणीतरी विद्रूप केल्या. शहर हादरले. चौकशीत दुसरेच आरोप निघाले : काही बड्या घरांतल्या खासगी बैठकींत पवित्र विधींची टवाळी केली जाते. अल्सिबायडिसचे नाव आले. तो पळून शत्रूच्या, स्पार्टाच्या, आश्रयाला गेला. ज्याने ॲगॅथॉनच्या घरी प्रेमावर पहिले भाषण केले, त्या फीड्रसचेही नाव आले आणि त्याला शहर सोडावे लागले. मित्रांची खोली आता संशयाची खोली झाली. कुणाच्या घरी कोण बसतो, काय बोलतो, याची गुलामांकडून साक्ष घेतली जाऊ लागली.

आणि ३९९ मध्ये खुद्द सॉक्रेटिसवर खटला झाला. तो शहराचे देव मानत नाही, तरुणांना बिघडवतो, हे आरोप. अल्सिबायडिस त्याच्याच सहवासातला, हे लोक विसरले नव्हते. तुरुंगात विषाचा प्याला आला, तेव्हा भोवती मित्रच होते. प्लेटो त्या प्याल्यासाठी शब्द वापरतो तो ‘कायलिक्स’. मैफलीतल्या दोन कानांच्या पेल्याचाही हाच शब्द. सॉक्रेटिसने प्याला आणणाऱ्याला विचारले, यातले थोडे देवाच्या नावाने ओतता येईल का? माणूस म्हणाला, आम्ही लागते तेवढेच वाटतो. मग नुसती प्रार्थना करून तो प्यायला. या प्याल्यात कुणी पाणी घातले नव्हते.

हे सारे फार दूरचे वाटेल. पण ग्रीकांना आपण यवन म्हणायचो आणि पुढे रोमच्या मुलुखाकडून येणाऱ्यांनाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याचे नाव आहे. तिथून व्यापाराची वाट पैठण आणि तेरपर्यंत येई. नेवाशाच्या उत्खननात तिकडच्या उभ्या सुरयांची खापरे सापडली. आणि जुन्नरला शिवनेरीच्या लेण्यांत दोन लहान शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. परक्या देशातून आलेल्या माणसांनी इथे ठेवले ते काय, तर पाणी आणि एकत्र बसून जेवायची जागा. हे दान मला फार आवडते.

त्या शनिवारी बेरीज मीच केली. तिसऱ्या क्रमांकाची बाटली शेवटून दुसरी आली. ज्याला ती अमृत वाटली होती, त्याने माझ्या गणितावर शंका घेतली आणि ज्याला आंबट वाटली होती, तो त्याच्या बाजूने माझ्याशी भांडायला उभा राहिला. मी आकडे पुन्हा मांडले. तेच आले. निघताना दोघे एकाच रिक्षात बसले.

दारात मित्राने विचारले, ‘पुढच्या वेळी विषय काय ठेवू?’ मी म्हणालो, ‘विषय कोणताही ठेव. पाण्याची घागर मात्र मधोमध ठेव.’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)