राजघराण्यांचे इतिहास आणि चिंचणीचा ताम्रपट



स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातील तरुण घरी आले, तेव्हा विषय कोणता घेणार असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, इतिहास. त्यांच्यापैकी एकाने हसून विचारले, "सर, इतिहास वाचून बोईसरला नोकरी मिळते का?" प्रश्न थट्टेचा होता, पण खोटा नव्हता. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि आपल्या भागातला बाप मुलाला फिटर, वेल्डर किंवा केमिस्ट करण्याची स्वप्ने पाहू लागला. त्यात गैर काहीच नाही. पोट आधी. परंतु मुलगा शाळेत आठ-दहा वर्षे इतिहासाच्या तासाला बसतो, आणि तेथे तो स्वतःविषयी काय समजून घेऊन बाहेर पडतो, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

माझ्या माहितीतल्या एका आठवीतल्या मुलाची हकीगत सांगतो. मुलगा हुशार, गणितात पहिला. पण इतिहासाच्या तासाला मान खाली घालून बसायचा. एक दिवस बाजूला घेऊन कारण विचारले, तर म्हणाला, "सर, या पुस्तकात आम्ही एक तर बादशहा आहोत, नाही तर शत्रू. वर्गातली पोरे तास संपला की माझ्याकडे बघतात." घरी त्याने अब्बांना हेच सांगितले. अब्बांनी त्याला भिंतीवरच्या चौकटीपाशी नेले. तेथे काचेत बसवलेला शजरा होता, आणि त्याच्या शेंड्यावर कोण्या सुलतानाचा एक सरदार. "आपण राजे होतो बेटा, मान वर ठेव." पिदरम सुलतान बूद! बाप सुलतान होता म्हणून मुलाला जेवायला मिळत नाही, हे ही म्हण वापरणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक होते.

वाचकहो, या दोन्ही उत्तरांत एकच दोष आहे. वर्गातल्या पोरांचे उत्तर राजघराण्यांच्या इतिहासातून आलेले, आणि अब्बांचे उत्तरही तेथूनच आलेले. मुलाची आजी ज्या घरची, त्या घरातली माणसे खाडीवर होड्या चालवीत होती. त्यांचा उल्लेख ना पुस्तकात, ना भिंतीवर. म्हणून राजघराण्यांचे इतिहास वाचू नयेत असे मी म्हणत नाही. वाचावेत, पण ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि लिहून कोणाचे काय साधले, हे विचारीत वाचावेत. त्यासाठी दिल्ली-आग्र्याला जायला नको. आपल्या पालघर-बोईसर-तारापूरच्या परिसरातच या प्रकारच्या लेखनाचे असे नमुने आहेत की, कोणत्याही विद्यापीठाने हेवा करावा.

प्रथम जव्हार घ्या. मुकणे घराण्याचे हे कोळी संस्थान सुमारे ३१० चौरस मैलांचे; ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, आणि शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवरही निवडून गेले. या घराण्याच्या उदयाची कथा इंग्रज सरकारच्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये छापली आहे. जयबा नावाच्या मूळ पुरुषाने जव्हारच्या वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने हसून दिली. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडून लांबच लांब दोरी केली, आणि तिच्या वेढ्यात वारल्याचे ठाणेच घेतले!

कथा झकास आहे. पण विद्यार्थीमित्रहो, हीच कथा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज नगराची राणी डायडो हिच्याबद्दल दोन हजार वर्षांपूर्वी सांगितली जात होती. मग जव्हारची कथा खोटी का? घटना म्हणून ती खरी मानता येत नाही. पण ती एक गोष्ट सांगून जाते. या मुलखात मुकण्यांच्या आधी वारल्यांची सत्ता होती, आणि ती त्यांच्याकडून गेली. ती तलवारीने गेली असेल, कर्जाने गेली असेल, कशानेही गेली असेल. जेत्यांच्या घरात मात्र ती चातुर्याने मिळाली, अशी आठवण शिल्लक राहिली. ज्याची जमीन गेली त्या वारल्याने ही गोष्ट कशी सांगितली असती, ते गॅझेटियरमध्ये नाही.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, तो दिवस ५ जून १३४३ चा असे मानतात, आणि त्या दिवसापासून जव्हारच्या सरकारी कागदांत स्वतंत्र शक मोजला जाई. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद तुघलक होता. राज्यात २२ किल्ले होते आणि उत्पन्न ९ लाखांचे, असेही त्यात लिहिले आहे. आकड्यांवर किती विसंबायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण कोळी राजाच्या नावापुढे 'शहा' लागतो, आणि त्याच्या कालगणनेचा आरंभ तुघलकाच्या मान्यतेपासून होतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजाला राजा म्हणवून घेण्यासाठी आणखी मोठ्या राजाची मोहोर लागत असे. ती मोहोर कोणत्या धर्माच्या हातात आहे, हा प्रश्न त्यात दुय्यम असे.

आता केळवे-माहीमकडे वळू. पालघर स्टेशनावरून पश्चिमेला गेले की हे गाव लागते. या किनाऱ्याच्या इतिहासाचे एक जुने मराठी साधन 'महिकावतीची बखर' या नावाने प्रसिद्ध आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते १९२४ साली प्रसिद्ध केले. ती एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही. तिचा जुना भाग १४४८ सालचा, आणि पुढचे भाग सोळाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या हातांनी जोडलेले. तिच्यात प्रताप बिंब राजा उत्तर कोकण जिंकतो आणि आपल्याबरोबर ६६ कुळे आणून त्यांना येथे वसवतो. हा बिंब नेमका कोण, कोठून आला, कोणत्या शतकात आला, यावर विद्वानांत बराच वाद आहे, आणि त्या वादात आपण पडण्याचे कारण नाही.

मला महत्त्वाची वाटते ती लिहिण्याची वेळ. १४४८ साली बिंबाचे राज्य नव्हते. उत्तर कोकण गुजरातच्या सुलतानांच्या अंमलाखाली होते. मग गेलेल्या राजाची एवढी आठवण कोणाला झाली? ज्यांच्याकडे गावे होती, देसाईपणे होती, मानपान होते, त्यांना. आमचा हक्क बिंब राजाने दिला, असे म्हटले की तो हक्क जुना ठरतो. आणि देणारा राजा जेवढा थोर, तेवढे वतन भक्कम. राजाची स्तुती करता करता लिहिणारा आपल्याच घराचा दाखला तयार करीत असतो. काचेतला शजरा आणि बखर, यांत फरक फक्त जाडीचा! (हे वाचून कोणी रागावू नये, माझ्या स्वतःच्या मामांच्या घरीही तसा एक शजरा आहे आणि तो मी लहानपणी अभिमानाने पाठ केला होता.)

आता त्या मुलाला मी जे दाखवले, त्याकडे येतो. तारापूरच्या खाडीच्या पलीकडे चिंचणी. आपल्यापैकी अनेकांच्या लेकी तेथे दिलेल्या आहेत. या चिंचणीला १९५५ साली जुने ताम्रपट सापडले, आणि डॉ. दिनेशचंद्र सरकार या थोर अभ्यासकाने ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. लेख संस्कृतात आहे. राज्य राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याचे. आणि संजाणच्या मंडलाचा, म्हणजे डहाणूच्या उत्तरेकडच्या संजाणभोवतीच्या मुलखाचा, अधिकारी कोण? ताजिक कुळातला मधुमती, ज्याचे दुसरे नाव सुगतिप.

ताजिक म्हणजे अरब. आणि मधुमती म्हणजे? दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा. मुहम्मद! संस्कृत लिहिणाऱ्या पंडिताने परक्या नावाला आपल्या भाषेचा अंगरखा चढवला, एवढेच. बापाचे नाव सहियारहार असे कोरले आहे. कानाला ते शहरयारसारखे वाटते.

याला हा मुलूख इंद्राच्या आधीचा सम्राट दुसरा कृष्ण याने दिला होता. याने आजूबाजूच्या बंदरांचे नायक जिंकून तेथे आपली माणसे नेमली, असे ताम्रपट सांगतो. त्याने दोन नद्यांवर लोकांसाठी मोफत तर सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप वाढले जाई. आणि अण्णय्य नावाच्या गृहस्थाने बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी त्याने एक गाव आणि दुसऱ्या गावातली जमीन दान दिली. तोच दानाचा लेख म्हणजे हा ताम्रपट.

अरब प्रवाशांची वर्णने याच्याशी जुळतात. सुलेमान व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ८५१ सालच्या वृत्तान्तात 'बल्हारा' राजाची गणना जगातल्या चार थोर राजांत केली आहे. हा बल्हारा म्हणजे राष्ट्रकूटांचा वल्लभराज. इस्तख्री लिहितो की, बल्हाराच्या राज्यात मुसलमानांवर त्याच्या वतीने मुसलमानच अंमल करतो. मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच किनाऱ्यावर चौलला आला होता, आणि तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळला, हे खरे. मलाही बरे वाटले. पण तेथेच थांबलो असतो तर अब्बांच्या शजऱ्याऐवजी मी त्याच्या हातात फक्त आणखी जुना शजरा दिला असता. म्हणून मी त्याला म्हणालो, आता या मधुमतीलाही तेच प्रश्न विचार, जे आपण जयबाला आणि बिंबाला विचारले.

ताम्रपट कोणी कोरवला? सत्ता ज्यांच्या हातात होती त्यांनी. त्यात मधुमतीची स्तुती असणारच. बंदरांचे नायक 'जिंकले' असे लिहिले आहे. त्या नायकांच्या बायकामुलांचे काय झाले ते लिहिलेले नाही. देवीच्या मठाला अरबाने दान दिले, यावरून आजच्या सभांत टाळ्या घेता येतील. मला तो मोह आवरावासा वाटतो. तो सम्राटाचा नोकर होता, मुलूख सांभाळत होता, आणि ज्या प्रजेवर अंमल करायचा तिच्या देवस्थानांचा मान राखणे हा तेव्हाच्या राज्यकारभाराचाच भाग होता. त्याच्या मनात काय होते ते तांब्यावर कोरलेले नाही. तरीही एक फरक मला दिसतो. जव्हारच्या कथेत आणि बखरीत घराणे म्हणजे जमीन मिळवणारे. येथे मोठेपणा सांगताना लढाईनंतर लगेच होडी आणि भात येतो. हजार वर्षांपूर्वीच्या पंडितालाही राजपुरुषाचे कौतुक करताना, नदी फुकट पार होते, ही गोष्ट सांगण्याजोगी वाटली.

चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटाकडे मुलाने स्वतःच बोट दाखवले. तो १०३४ सालचा, म्हणजे एकशे आठ वर्षांनंतरचा. राष्ट्रकूट तोपर्यंत संपले होते. शिलाहारांचा सामंत चामुंडराज हा संजाणवर होता, आणि त्याने देवीच्या मठिकेला एक तेलघाणा दिला. देवीपुढे दिवा लागावा आणि तेथे येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल मिळावे म्हणून. ज्या नगरवासीयांना या दानाची वर्दी दिली आहे, त्यांच्या यादीत तीन नावे आहेत: अल्लिय, महर आणि मधुमत. यांच्यामागे कोणतीही पदवी नाही. अली आणि मुहम्मद ही नावे गावच्या यादीत इतर नावांच्या शेजारी बसली आहेत, आणि घाण्याच्या दानासारख्या साध्या व्यवहारात त्यांना कळवणे जरूर वाटले आहे. मला विचाराल तर पहिल्या ताम्रपटातल्या अधिकाऱ्यापेक्षा हे तिघे मला अधिक जवळचे वाटतात.

पालकहो, राजेराजवाड्यांच्या पलीकडचा इतिहासही आपल्या भागात लिहिला गेला आहे, तोही घरी आणा. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध केलेल्या लढ्याचे आहे. बैलाच्या कातड्याच्या कथेतला तो हसणारा वारली नायक आठवून ते वाचा. पालघरच्या चौकातून जाता-येता १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांचे स्मारक दिसते. मुलांना थांबवून त्यांची नावे वाचायला लावा.

त्या आठवीतल्या मुलाने शेवटी मला एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही. "सर, तर फुकट होती, मग वल्हवणाऱ्याला पैसे कोण द्यायचे? त्याचे नाव काय होते?" मी म्हणालो, ताम्रपटात ते नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, माझी नानी सांगते, तिचे आजोबा खाडीवर तर चालवायचे, त्यांचे नाव तिला ठाऊक आहे. पुढच्या जुम्म्याला तो नानीकडे वही घेऊन गेला.