अ‍ॅनी फ्रातेलिनी: सर्कशीतल्या वेंधळ्याचे सोंग घेणारी बाई
चिमूर परिसरातल्या खडी गंमतीत बाईचे सोंग पुरुष घेत आले. फ्रान्सच्या सर्कशीत अ‍ॅनी फ्रातेलिनीने याच्या उलट केले. पुरुषांचेच मानले जाणारे सोंग तिने घेतले.

अ‍ॅनीचा जन्म १९३२ चा, अल्जियर्सचा. आजोबा पॉल हे ‘फ्रातेलिनी बंधू’ या गाजलेल्या विदूषक त्रिकुटातले. तरुणपणी मात्र ती सर्कस सोडून गाण्याकडे आणि सिनेमाकडे वळली.

युरोपच्या सर्कशीत विदूषकांची जोडी असते. पांढऱ्या चेहऱ्याचा ‘क्लाउन’ शहाणा, हुकूम सोडणारा. लाल नाकाचा, ढगळ कपड्यांचा ‘ऑग्युस्त’ वेंधळा, फजिती करून घेणारा. बाईने घोड्यावर किंवा झोक्यावर देखणे दिसावे, हसे करून घेऊ नये, अशी रीत होती. महिला विदूषक आधीही झाल्या. अमेरिकेच्या बार्नम अँड बेली सर्कशीने १८९५ मध्ये एव्हेटाची ‘एकमेव महिला विदूषक’ अशी जाहिरात केली होती. पण ऑग्युस्त बहुतांशी पुरुषांकडेच राहिला. १९७० च्या दशकात अ‍ॅनी ऑग्युस्त झाली. तिचे पती, दिग्दर्शक पिएर एतेक्स, क्लाउन झाले.

तोवर सर्कशीची विद्या बहुतांशी घराण्यातच राहत असे. १९७४ मध्ये या दोघांनी पॅरिसमध्ये सर्कस शाळा काढली आणि ती बाहेरच्या मुलांनाही खुली केली. पुढे मुलगी व्हॅलेरी क्लाउन झाली आणि आई ऑग्युस्तच राहिली.

अ‍ॅनीचे १९९७ मध्ये निधन झाले. पॅरिसजवळच्या सँ-दनी इथल्या ‘अकादमी फ्रातेलिनी’त ती परंपरा पुढे चालू आहे.