खाद्यतेलाची आयात आणि आयातशुल्काचा दोर

भारत हा जगातील सर्वांत मोठा खाद्यतेल आयातदार आहे. 2022-23 च्या तेल-वर्षात सुमारे 165 लाख टन तेल बाहेरून आले, म्हणजे देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. याचे खापर अनेकदा कमी उत्पादनावर फोडले जाते. ते अर्धेच खरे.

तेलबिया बहुतांशी कोरडवाहू जमिनीत येतात. पाऊस हुकला की पीक गेले. 1970 च्या दशकापासून टंचाई वाढली. आयात राज्य व्यापार महामंडळामार्फत होई आणि पामोलिन रेशनच्या दुकानांत मिळे. 1986 मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. 1985-86 मध्ये सुमारे 108 लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन 1993-94 पर्यंत जवळपास दुप्पट झाले आणि आयात नगण्य उरली. या यशात सुधारित बियाण्यांइतकाच वाटा बंद दरवाजाचा होता. स्वस्त परदेशी तेल आत येत नसल्याने शेतकऱ्याला भाव मिळत होता.

1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. तेव्हाचे 65 टक्के शुल्क 1998 पर्यंत 15 टक्क्यांवर आले. पामच्या एका हेक्टरातून तीन-चार टन तेल निघते, सोयाबीनच्या हेक्टरातून अर्धा टनही नाही. शुल्काचा बांध खचल्यावर या स्पर्धेत देशी तेलबिया टिकणे अवघडच होते.

मराठवाड्यात याच काळात करडई मागे पडली आणि सोयाबीन पसरले. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के. उरते ती पेंड. त्यामुळे भारत पेंड निर्यात करतो आणि तेल आयात करतो. पिकाखालचे क्षेत्र वाढले तरी तेलाची तूट त्या प्रमाणात भरून येत नाही, ती यामुळे.

पुरवठा मोजक्या देशांच्या हाती असल्याचा धोका 2022 मध्ये दिसला. युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेल अडले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात सुमारे तीन आठवडे थांबवली.

शुल्काचा दोर मात्र दिल्लीतच आहे. सणासुदीला महागाई वाढली की तो सैल होतो, सोयाबीनचे भाव पडले की आवळला जातो. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारभाव त्याखाली गेले, तेव्हा सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले. मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणण्यात आले.