मुंबई ते जिद्दा : विमानाचे अंतर, लागणारा वेळ आणि घड्याळाचा हिशोब

उमराह किंवा हजला निघणाऱ्या घरात पहिला प्रश्न हाच असतो, "किती तासांचा प्रवास आहे?" तिकीट पाहून उत्तर काढायला गेलो तर बहुतेक वेळा चुकते. म्हणून आम्ही हा हिशोब इथे मांडत आहोत.

अंतर : मुंबई ते जिद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. मदिना विमानतळही मुंबईहून जवळपास तितकाच लांब आहे.

वेळ : थेट विमानाला जाताना साधारण ५ ते साडेपाच तास लागतात. येताना अर्धा-पाऊण तास कमी लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून जोर मिळतो. वाटेत विमान बदलायचे असेल तर थांबा धरून वेळ दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. वयस्कर आई-वडील सोबत असतील तर थोडे पैसे वाचवण्याआधी याचा विचार करावा.

घड्याळ : सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि तिकिटावर त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. समजा, रात्री १० ला मुंबई सोडली आणि साडेपाच तास लागले, तर जिद्दाच्या घड्याळात रात्रीचा १ वाजलेला असेल. कागदावर प्रवास फक्त तीन तासांचा दिसतो! परतताना उलटे होते, पाच तासांचा प्रवास साडेसात तासांचा वाटतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारावे आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत.

मीकात : खरी काळजी इथे घ्यायची. थेट जिद्दाला जाणारे विमान उतरण्याआधीच मीकातच्या हद्दीतून जाते. बहुतेक वेळा विमानात तशी सूचना देतात, पण झोप लागली तर ती ऐकू येणार नाही. म्हणून इहरामचे कपडे मुंबईतच घालावेत आणि नियत व तलबिया मीकात येण्याआधी करावी. इहरामशिवाय पुढे गेल्यास दम देण्याची पाळी येऊ शकते. आधी मदिनेला जाणाऱ्यांना मुंबईतून इहरामची गरज नाही. ते मक्केला निघताना जुल-हुलैफा इथे इहराम बांधतात.

रोजा : विमानात रोजा असेल तर मुंबईच्या वेळेवर इफ्तार करू नये. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, त्यामुळे विमानातून सूर्य मावळलेला दिसेपर्यंत थांबावे.

उतरल्यानंतर : जिद्दाहून मक्का रस्त्याने ८०-९० किलोमीटर आहे. इमिग्रेशन, सामान आणि बस धरून काही तास सहज जातात. म्हणून घरच्यांनी विमान उतरल्या-उतरल्या फोनची वाट पाहून घाबरू नये.

१९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात. त्या वाटेवर दिवसच्या दिवस जायचे. आज तीच वाट एका रात्रीत संपते. तयारीला मात्र निघण्याआधीच वेळ काढावा लागतो.