‘गिव्ह अप’ किती जुनं?

‘आय गेव्ह अप शुगर’ असं कुणीही सहज बोलून जातं. लेखी अर्जात मात्र ‘रिनाउन्स’ किंवा ‘अबॅन्डन’ भारदस्त वाटतं. क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ चिकटवायची लकब अलीकडची आणि जरा उथळ, हा समज त्यातूनच आलेला. पुरावा नेमका उलट आहे. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठातली बखर 1154 पर्यंत येऊन थांबते. तीत राजा स्टीफनच्या कैदेत पडलेल्या एका अर्लची हकिकत आहे: सुटकेच्या बदल्यात किल्ले हवाली करायचे ठरलं, त्याने काही दिले, काही दाबून ठेवले. हे ‘देणं’ तिथे ‘गिव्ह अप’च आहे! ‘अबॅन्डन’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो 14व्या शतकात.

कुणी म्हणेल, ही सवय तरी इंग्रजांची कुठे, ती डेन लोकांची. त्यांच्या वस्त्यांमुळे तिला जोर आला असेलही. पण क्रियापदासोबत असे सुटे शब्द त्याआधीच्या इंग्रजीतही सापडतात. मग प्रतिष्ठा का गेली? 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय फ्रेंचकडे गेलं, धर्म आणि विद्या लॅटिनकडे होतीच. घरगुती शब्द घरातच राहिले. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या कोशात अशी क्रियापदं मेहनतीने टिपली, परक्यांना तीच सर्वांत अवघड जातात म्हणून. मराठी माणसाने तरी का बिचकावं? ‘साखर सोडली’ आणि ‘साखर सोडून दिली’ यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही.